पुणतांब्यातून कोर्टापर्यंत : तलाक, पोटगी आणि न्यायाधीशाचं काम

पुणतांब्याची मुलगी लग्न होऊन मालेगावला गेली. दोन वर्षांनी मूल घेऊन माहेरी आली आणि पाठोपाठ पोस्टानं कागद आला, ‘तलाक दिला आहे.’ आता काय करायचं? घरात पहिला सवाल हाच निघतो की मालेगावच्या कोर्टात खेटे घालावे लागणार का. नाही. पोटगीचा अर्ज बायको जिथं राहते तिथं करता येतो. पुणतांबा राहाता तालुक्यात येतं, म्हणून राहात्याच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोर अर्ज चालतो. कलम पूर्वी १२५ होतं. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याचा नंबर १४४ झाला.

या अर्जात न्यायाधीश नेमकं काय करतो, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं. तो मौलाना नाही, जमातीचा सदरही नाही. तलाक चांगला की वाईट, हे सांगायला तो बसलेला नसतो. नवऱ्याची ऐपत आहे का, बायकोला स्वतःचं पोट भरता येतं का, नवऱ्यानं सांभाळायचं टाळलं का, एवढं तो पुराव्यावरून ठरवतो. त्यासाठी नवऱ्याला समन्स जातं, त्याचं म्हणणं घेतलं जातं, दोन्हीकडच्या साक्षी आणि उलटतपासणी होते. नवरा मुद्दाम आलाच नाही तर एकतर्फी हुकूम होऊ शकतो. योग्य कारण दाखवून तो रद्द करून घ्यायला त्याला तीन महिन्यांची मुदत असते. दोघांनीही आपली मिळकत आणि खर्च प्रतिज्ञापत्रावर द्यायचा, हा नियम सर्वोच्च न्यायालयानं ४ नोव्हेंबर २०२० ला ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या निकालात घालून दिला. हा खटला आपल्याच राज्यातून, नागपूर खंडपीठाकडून वर गेला होता. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, हेही त्यातच ठरलं.

आता त्या पोस्टाच्या कागदाकडे येऊ. नवऱ्याचा वकील जबाबात लिहितो की तलाक केव्हाच झालाय, आता ही त्याची बायकोच नाही. पूर्वी अशा एका वाक्यावर बाईचा दावा ढिला पडायचा. अहिल्यानगर जिल्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाखाली येतो (हे खंडपीठ १९८१ साली सुरू झालं), आणि याच खंडपीठाच्या पूर्णपीठानं २ मे २००२ रोजी ‘दगडू पठाण विरुद्ध रहिमबी’ या लातूरकडच्या प्रकरणात हा प्रश्न निकालात काढला. कोर्टानं सांगितलं की जबाबात ‘तलाक दिला’ असं नुसतं लिहिल्यानं तलाक शाबीत होत नाही. बायको नाकारत असेल तर नवऱ्यानं पुरावा द्यायचा : कारण काय होतं, दोन्ही घरांकडून मध्यस्थ नेमले का, समेटाचा प्रयत्न झाला का. मध्यस्थाची ही गोष्ट काही कोर्टानं बाहेरून आणलेली नाही, सूरह निसाच्या ३५व्या आयतीत ती आहेच. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं शमीम आरा प्रकरणात हाच सूर लावला. एका दमात दिलेला तिहेरी तलाक पुढे २२ ऑगस्ट २०१७ ला शायरा बानो निकालात ३ विरुद्ध २ अशा मतांनी रद्द ठरला. २०१९ च्या कायद्यानं तो गुन्हा झाला, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा.

तलाक खरंच शाबीत झाला तर? तरी हक्क संपत नाही. शाहबानो निकालानंतर आलेल्या १९८६ च्या कायद्याचा अर्थ २००१ साली दानियल लतीफी प्रकरणात लागला : इद्दतीच्या मुदतीत जी रक्कम द्यायची, ती बाईच्या पुढच्या आयुष्याचा विचार करून द्यायची. इद्दतीपुरता खर्च दिला की सुटलो, हा समज तिथंच संपला. १० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तेलंगणाच्या एका खटल्यात हेही साफ केलं की तलाकशुदा मुस्लिम बाईला १२५ चा रस्ताही खुला आहे.

दारुल कजाबद्दल विचारणा नेहमी होते. ७ जुलै २०१४ च्या निकालानुसार ती बेकायदा नाही, पण तिचा फैसला किंवा फतवा कायद्यानं कोणावर बंधनकारक नाही. दोघांना मान्य असेल तर समेटासाठी जरूर जा, माझ्या मते आधी तिथंच जावं. पण नवऱ्यानं पैसे द्यायचे थांबवले तर वसुलीचं वॉरंट काढण्याचा अधिकार तिथं नाही. तो दंडाधिकाऱ्याकडे आहे. प्रत्येक थकीत महिन्यासाठी तो एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकतो. एक मात्र लक्षात ठेवा, थकबाकीसाठी अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. अनेक बायका भावाच्या भरवशावर बसतात आणि वर्ष निघून जातं.

बाईला स्वतःलाच निकाह मोडायचा असेल आणि नवरा खुला द्यायला तयार नसेल, तर १९३९ चा कायदा आहे. दोन वर्षं खर्च दिला नाही किंवा चार वर्षं पत्ता नाही, ही त्यातली दोन कारणं. हा दावा दंडाधिकाऱ्याकडे चालत नाही, दिवाणी किंवा कौटुंबिक न्यायालयात जातो.

दंडाधिकाऱ्याचा हुकूम पटला नाही तर सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज करता येतो आणि त्यावर औरंगाबाद खंडपीठ आहेच. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो, मग तिची मिळकत कितीही असो. कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते, फोन करायचा तर १५१००. जाताना निकाहनामा, आधार कार्ड, मुलांचे जन्मदाखले आणि तो पोस्टाचा कागद पाकिटासकट घेऊन जा, कारण शिक्क्यावरची तारीख पुढे कामाला येते.