वखारीच्या चोपडीतून निघालेले शास्त्र

इकॉलॉजीच्या पाठ्यपुस्तकांत कॅनडातल्या स्नोशू ससा आणि लिंक्स नावाच्या रानमांजराचा आलेख हमखास असतो. दोन रेषा साधारण दर दहा वर्षांनी उसळतात आणि कोसळतात. ससे वाढले की लिंक्स वाढतात, लिंक्स वाढले की ससे घटतात, आणि मग लिंक्सवरही उपासमारीची पाळी येते. भक्ष्य-भक्षकांच्या चक्राचा पुरावा म्हणून हा आलेख पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला. मात्र त्यातले आकडे कोणी जंगलात जनावरे मोजून मिळवलेले नाहीत. लिंक्सची रेष ही कातड्यांची मोजदाद आहे, आणि ती ठेवली हडसन्स बे कंपनीच्या कारकुनांनी. प्राण्यांच्या संख्येचे शास्त्र मोठ्या प्रमाणात व्यापाऱ्याच्या जमाखर्चावर उभे राहिले. त्या आकड्यांवर विसंबता येते, पण चोपडीत ज्याला रकाना नव्हता त्याला सिद्धांतातही बराच काळ जागा मिळाली नाही.

इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सने या कंपनीला २ मे १६७० रोजी सनद दिली. शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली ते हेच साल. हडसन उपसागराला मिळणाऱ्या नद्यांच्या अफाट खोऱ्यातला व्यापार कंपनीच्या मक्त्यात आला आणि किनाऱ्यावर यॉर्क फॅक्टरी, मूस फॅक्टरी, फोर्ट ऑल्बनी अशा वखारी उभ्या राहिल्या. क्री आणि इतर मूळ रहिवासी हिवाळ्यात सापळे आणि फासे लावून जनावरे पकडत आणि कातडी वखारीत देऊन बंदुका, दारूगोळा, किटल्या, ब्लँकेटे नेत. हिशेबाचे चलन होते ऐन हिवाळ्यात मिळालेले बीव्हरचे एक उत्तम कातडे. बाकी प्रत्येक जनावराचा आणि प्रत्येक मालाचा भाव त्याच मापात लागे. उन्हाळ्यात जहाज यायचे, कातडी लंडनला जायची आणि पुढे लिलावात निघायची. साहजिकच लंडनच्या विक्रीचे साल आणि जनावर पकडल्याचे साल एक नसे. वर कंपनी दूर लंडनमध्ये बसून कारभार हाकणारी, त्यामुळे प्रत्येक वखारीकडून हिशेब आणि पत्रे मागवली जात. भागधारकांसाठी ठेवलेले हे दप्तर पुढे शास्त्राच्या कामी येईल, असे ते लिहिणाऱ्यांच्या मनातही नसणार.

ते कामी आणले ऑक्सफर्डच्या चार्ल्स एल्टनने. आर्क्टिकच्या मोहिमांवर जाणाऱ्या या तरुणाला लेमिंग नावाच्या उंदरांच्या संख्येतल्या चढउतारांनी झपाटले होते. मोहिमेतला त्याचा सहकारी जॉर्ज बिनी हडसन्स बे कंपनीत नोकरीला लागला आणि त्याच्यामार्फत १९२०च्या दशकाच्या मध्यात एल्टन कंपनीचा सल्लागार झाला. अन्नसाखळी, निश (म्हणजे प्राण्याचे परिसरातले स्थान) आणि संख्येचा पिरॅमिड या कल्पना रुजवणारे त्याचे ‘ॲनिमल इकॉलॉजी’ १९२७ मध्ये आले. १९४२ मध्ये मेरी निकोल्सनसह त्याने १७३६ ते १९३४ या काळातल्या लिंक्सच्या कातड्यांचे आकडे लावले. चक्र सरासरी ९.६ वर्षांचे निघाले. त्याआधी १९२६ मध्ये इटलीत गणितज्ञ व्हितो व्होल्तेराने भक्ष्य-भक्षकांची समीकरणे मांडली, तीही बाजाराच्याच आकड्यांमुळे. जीवशास्त्रज्ञ उंबेर्तो दांकोनाने एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या मासळी बाजारांच्या नोंदी चाळल्या होत्या. पहिल्या महायुद्धात मासेमारी मंदावली तेव्हा शार्कसारख्या भक्षक माशांचे प्रमाण वाढलेले त्याला दिसले, आणि हे कोडे त्याने व्होल्तेरापुढे ठेवले.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो: कातड्यांची संख्या म्हणजे जनावरांची संख्या नव्हे. भाव चढला की जास्त फासे लागतात. १७८१-८२च्या देवीच्या साथीत यॉर्क फॅक्टरीच्या मुलखातले शिकारीच मोठ्या संख्येने मेले. १८२१ मध्ये नॉर्थ वेस्ट कंपनीचे विलीनीकरण होईपर्यंत प्रतिस्पर्ध्याकडे गेलेला माल या चोपडीत येतच नव्हता. हे सगळे खरे आहे, पण साथ, स्पर्धा किंवा बाजारभाव दर नऊ-दहा वर्षांनी नेमाने येत नाहीत. चक्र निव्वळ व्यापाराचे असते तर त्याच वखारींत, त्याच शिकाऱ्यांनी आणलेल्या बीव्हरच्या कातड्यांतही ते दिसले असते, आणि तसे ते दिसत नाही. शिवाय वखारींच्या पत्रांत सशांच्या दुष्काळाचे उल्लेख येतात, कारण ससे संपले की माणसांच्याही पोटाला चिमटा बसे. ही साक्ष कातड्यांच्या मोजणीपेक्षा निराळी आहे आणि ती आकड्यांशी जुळते. तेव्हा चक्र खरेच होते.

खोट निघाली ती चक्राच्या कारणात. सशाच्या कातड्याला फारसा भाव नव्हता, म्हणून सशांचे आकडे अपुरे. आलेखातले ससे मुख्यतः एका प्रदेशातले आणि लिंक्स दुसऱ्या प्रदेशातले, असेही पुढे दाखवले गेले. मायकेल गिल्पिनने १९७३ मध्ये हे आकडे समीकरणांत बसवून पाहिले, तेव्हा काही वर्षांत लिंक्सची वाढ सशांच्या आधी येत होती. म्हणून त्याने निबंधाच्या मथळ्यातच विचारले की ससे लिंक्सना खातात की काय. आणि सशाचे अन्न असलेल्या विलो-बर्चच्या फांद्या वखारीत कोणीच विकत नव्हते, त्यामुळे त्या चोपडीत नव्हत्या. व्होल्तेराच्या समीकरणातही भक्ष्याला अन्नाची ददात नाही. ही उणीव भरून काढायला चार्ल्स क्रेब्ज आणि सहकाऱ्यांनी युकॉनमध्ये क्लुएनी तळ्याजवळ १९८६ ते १९९४ अशी वर्षे खर्ची घातली. एकेक चौरस किलोमीटरच्या तुकड्यांत कुठे सशांना जादा खाणे दिले, कुठे विजेच्या कुंपणाने सस्तन भक्षक अडवले, कुठे दोन्ही केले. नुसत्या खाण्याने ससे सुमारे तिप्पट झाले, नुसत्या कुंपणाने दुप्पट, आणि दोन्ही मिळून अकरापट. गोष्ट भक्ष्य-भक्षक अशी दुहेरी नव्हती, वनस्पतींसह तिहेरी होती.

कोणी म्हणेल, विज्ञानाने स्वतःची चूक स्वतःच दुरुस्त केली, मग चोपडीला बोल कशाला? बोल लावायचे कारण नाहीच; ती नसती तर दोनशे वर्षांचा पल्ला कोणाच्याच नजरेत आला नसता. पण गिल्पिनचा प्रश्न यायला एल्टन-निकोल्सननंतर ३१ वर्षे जावी लागली आणि फांद्यांची गोष्ट प्रयोगाने सिद्ध व्हायला त्याहून जास्त. आजही समुद्रातल्या माशांच्या साठ्याचे अंदाज बरेचसे बंदरावर उतरलेल्या मासळीवरून बांधले जातात, आणि विकण्याजोगी नसलेली जी मासळी समुद्रातच फेकून दिली जाते ती त्या नोंदीत नसते. अशा आकड्यांवरून एखाद्या जातीचे भवितव्य ठरवताना नोंद कशासाठी ठेवली होती आणि कोणता माल तिच्यात येऊच शकत नव्हता, ही चौकशी समीकरण मांडण्याआधी व्हायला हवी.