इन्सुलिन : जीवदान दिलं, आजार मात्र राहिला

“डॉक्टर, इन्सुलिन नको. एकदा लागलं की सुटत नाही म्हणतात.” दवाखान्यात हे वाक्य मी नेहमी ऐकतो. तुमच्याही मनात ही भीती असेल, तर शंभर वर्षांपूर्वीची ही हकिकत वाचा.

लेनर्ड थॉम्पसन हा कॅनडातल्या टोरांटोचा १४ वर्षांचा मुलगा. त्याला टाइप १ मधुमेह होता, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नव्हतं. त्या काळी उपाय एकच होता, उपासमार. खाणं तोडलं की साखर कमी वाढे आणि मरण थोडं लांबे. लेनर्डचं वजन ३० किलोही उरलं नव्हतं.

११ जानेवारी १९२२ रोजी त्याला बँटिंग आणि बेस्ट यांनी जनावराच्या स्वादुपिंडातून काढलेला अर्क टोचला. फायदा जेमतेमच झाला, उलट टोचल्या जागी गळू झालं. उपचार थांबवावा लागला. मग कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञाने तो अर्क अधिक शुद्ध केला. २३ जानेवारीला पुन्हा इंजेक्शन सुरू झालं आणि साखर झपाट्याने उतरली. मुलाच्या अंगात ताकद आली.

लेनर्ड पुढे १३ वर्षं जगला, पण रोज इंजेक्शन घेऊनच. १९३५ मध्ये न्यूमोनियाने तो गेला. न्यूमोनियावर पेनिसिलिन मिळायला अजून काही वर्षं होती.

इन्सुलिनमुळे रुग्ण जास्त जगू लागले, तेव्हा मधुमेहाचं दुसरं रूप दिसलं. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली, की डोळे, किडन्या आणि नसा खराब होतात. साखर काटेकोर ताब्यात ठेवली तर टाइप १ मध्ये हे नुकसान बरंच टळतं, हे १९९३ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासाने दाखवून दिलं.

म्हणून लक्षात घ्या, इन्सुलिन हे व्यसन नाही. शरीरात जे कमी पडतं, ते आपण बाहेरून देतो. टाइप २ मध्ये ऑपरेशन किंवा मोठ्या आजारापुरतं सुरू केलेलं इन्सुलिन अनेकदा बंदही करता येतं. टाइप १ मध्ये मात्र ते आयुष्यभर लागतं. आजारपणात जेवण कमी झालं तरी ते स्वतःहून बंद करू नका, जिवावर बेतू शकतं. डोस किती घ्यायचा, ते डॉक्टरांना विचारा.

मधुमेह मुळापासून घालवणारं औषध मी तुम्हाला देऊ शकत नाही. पण लेनर्डच्या आईवडिलांना ज्याची वाट पाहावी लागली, ते आज तुमच्या फ्रिजमध्ये राहू शकतं. ते नाकारण्याआधी एकदा नीट बोलूया.