मज्जातंतूचा निरोप

पायात काटा रुतला की पाय आधी वर उचलला जातो आणि 'आई ग' हे शब्द त्यानंतर तोंडातून निघतात. तळपायापासून पाठीच्या कण्याकडे आणि कण्यापासून पुन्हा मांडीच्या स्नायूकडे असा एक निरोप जाऊन येतो. आणि हे सारे पापणी लवते न लवते तोच उरकलेले असते. हा निरोप नेतो कोण? आपल्या प्राचीन वैद्यकाने हे काम वायूकडे सोपविले होते. युरोपात दुसऱ्या शतकातील गेलनपासून पुढे दीड हजार वर्षे अशी समजूत रूढ होती की, मज्जातंतू हे पोकळ असून त्यांतून एक सूक्ष्म चैतन्यद्रव्य वाहत असते. निरोप नेणारी वस्तू डोळ्यांना दिसत नाही, एवढे मात्र दोघांनीही प्रामाणिकपणे मान्य केले होते.

या समजुतीला पहिला खरा धक्का दिला तो इटलीतील बोलोन्या येथील लुइजी गॅल्व्हानी या शरीरशास्त्रज्ञाने. मेलेल्या बेडकाच्या पायातील तंतूला विजेचा स्पर्श होताच तो पाय झटका देतो, हे त्याने पाहिले; इतकेच नव्हे, तर दोन निरनिराळ्या धातूंनी तंतू आणि स्नायू जोडले असताही तोच प्रकार घडतो, हेही त्याच्या ध्यानात आले. प्राण्याच्या अंगातच वीज असते, असा निष्कर्ष त्याने १७९१ साली प्रसिद्ध केला. पाव्हिया येथील व्होल्टाने त्याला हरकत घेतली. वीज बेडकात नसून धातूंच्या जोडीत आहे, हे त्याचे म्हणणे. आणि ते सिद्ध करण्याच्या खटाटोपातून १८०० साली विजेची पहिली बॅटरी जन्मास आली. गॅल्व्हानीने धातूंवाचूनही स्नायू आकुंचित करून दाखविला होता. पण बॅटरीच्या झगमगाटात तो प्रयोग मागे पडला. नेपोलियनच्या आश्रयाने स्थापन झालेल्या नव्या प्रजासत्ताकाशी निष्ठेची शपथ घेण्यास नकार दिल्यामुळे त्याची प्राध्यापकी गेली होती, आणि १७९८ च्या डिसेंबरात तो वारलाही. या वादात दोघेही बरोबर होते, हे कळायला पुढे अर्धे शतक जावे लागले.

त्या अर्धशतकात विद्वानांच्या मनात दुसरीच एक अडचण उभी राहिली. निरोप जर विजेचा असेल, तर त्याचा वेग मोजणे मनुष्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे बर्लिनचे थोर शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर सांगत. त्यांचाच शिष्य हेर्मान हेल्महोल्ट्स याने १८५० च्या सुमारास क्योनिग्झबर्ग येथे हा प्रश्न अगदी साध्या युक्तीने सोडविला. बेडकाच्या पायाचा तंतू स्नायूजवळ चेतवावयाचा आणि स्नायू आकुंचित होण्यास लागलेला वेळ नोंदवावयाचा; मग तोच तंतू दूरच्या टोकाला चेतवून पुन्हा वेळ नोंदवावयाचा. दोन वेळांतील फरक हाच मधले अंतर तोडण्यास लागलेला काळ! उत्तर आले सेकंदाला सुमारे तीस मीटर. तांब्याच्या तारेतील विजेच्या मानाने ही गती गोगलगाईची म्हणावी लागेल. ध्वनीसुद्धा हवेतून याच्या दसपटीहून अधिक वेगाने धावतो. मनुष्याच्या शरीरातील जलद तंतू सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास वेग गाठतात, हे पुढे कळले. पण तेवढ्यानेही मूळ मुद्दा बदलत नाही. इच्छा आणि कृती यांच्यामध्ये घड्याळाने मोजता येईल असा काळ जातो, हा शोध कित्येकांना त्या वेळी पचला नाही. खुद्द हेल्महोल्ट्सच्या वडिलांनाही तो पटेना.

आता प्रश्न अधिकच बिकट झाला. निरोपाला विजेची लक्षणे तर आहेत, पण तो तारेतल्या विजेसारखा पळत नाही. मग तो आहे तरी काय? याचे उत्तर तंतूच्या पोटात नसून त्याच्या कातडीत आहे, हे यूलियुस बेर्न्श्टाइन यांनी १९०२ साली सुचविले. प्रत्येक पेशीभोवती एक पटल असते; मिलिमीटरच्या लक्षांशाहूनही ते पातळ आहे. आतल्या बाजूस पोटॅशियमचे विद्युद्भारित कण विपुल आणि बाहेर सोडियमचे विपुल. बाहेरचा तो द्रव चवीला समुद्राच्या पाण्याचा दूरचा नातलगच. विश्रांतीच्या वेळी पटल पोटॅशियमला तेवढी वाट देते. काही धन कण बाहेर निसटतात आणि आतली बाजू किंचित ऋण राहते. तंतू चेतविला गेला की हे पटल क्षणभर फाटक्या चाळणीसारखे होऊन आतबाहेरचा भेद नाहीसा होतो, आणि ही विस्कळीत अवस्था एका भागाकडून शेजारच्या भागाकडे सरकत जाते, तोच निरोप. म्हणजे तारेतून वीज धावावी तसा हा प्रकार नसून रानात वणवा पुढे पुढे सरकावा तसा आहे. फरक एवढाच की, येथे जळलेले गवत हजारांश सेकंदात पुन्हा हिरवे होते.

याच सुमारास कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस लाजाळूच्या झाडावर प्रयोग करीत होते. स्पर्शाचा निरोप वनस्पतीतही विजेच्या रूपाने जातो, असे त्यांचे प्रतिपादन होते आणि १९२६ साली त्यावर त्यांनी स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रज्ञांनी तेव्हा त्याकडे साशंकतेने पाहिले. वनस्पतींना प्राण्यांसारखे मज्जातंतू नसतात, हे खरेच आहे. परंतु लाजाळूच्या देठातून विद्युत्संदेश जातो ही गोष्ट आज निर्विवाद आहे.

निरोप तंतूतून जातो हे कळले. पण तंतू संपला की काय? कामिल्लो गॉल्जी यांनी १८७३ साली एका छोट्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात बसून चांदीच्या क्षाराने मज्जापेशी काळ्या रंगविण्याची रीत शोधून काढली. सगळ्या पेशी एकमेकींत मिसळून त्यांचे अखंड जाळे झाले आहे, असे त्यांचे मत होते. स्पेनमधील सान्त्यागो रामोन इ काहाल यांनी गॉल्जींचीच रीत सुधारून उलट निष्कर्ष काढला: प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे आणि दोन पेशींमध्ये खंड आहे. १९०६ साली नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले, तेव्हा गॉल्जींनी आपल्या व्याख्यानात जोडीदाराच्या सिद्धान्तावरच टीका केली. काहाल बरोबर होते. १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तो खंड प्रत्यक्ष दाखविला.

तो खंड निरोप ओलांडतो कसा, याचा पुरावा ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे ओटो लोवी यांना मिळाला. ते स्वतः सांगत की, प्रयोगाची कल्पना त्यांना स्वप्नात सुचली. रात्री उठून त्यांनी कागदावर काही खरडले. सकाळी स्वतःचेच अक्षर स्वतःला लागेना. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास तीच कल्पना पुन्हा आली, तेव्हा मात्र ते तडक प्रयोगशाळेत गेले. बेडकाची दोन हृदये घेऊन एकाचा वेगस तंतू त्यांनी चेतविला. ते हृदय मंदावले. त्यातील द्रव दुसऱ्या हृदयावर सोडताच तेही मंदावले, वास्तविक त्याचा कोणताही तंतू चेतविलेला नव्हता. म्हणजे तंतूच्या टोकाशी वीज आपले काम एका रसायनाच्या हाती देते. १९२१ साली हे प्रसिद्ध झाले. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. लंडनच्या हेन्री डेल यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि १९३६ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. दोनच वर्षांनी नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि ज्यू असल्यामुळे लोवी तुरुंगात गेले. आपण मारले जाऊ, या शंकेपेक्षा हाती असलेले संशोधन अप्रकाशित राहील याचीच चिंता त्यांना अधिक होती. पहारेकऱ्याकडून एक पोस्टकार्ड मागून घेऊन त्यांनी त्यावर आपले निष्कर्ष लिहून काढले. पारितोषिकाची स्टॉकहोममधील रक्कम नाझींच्या बँकेत वर्ग केल्यावरच त्यांना देश सोडता आला. एवढे होऊनही ऑस्ट्रेलियाचे जॉन एकल्स यांच्यासारखे कसलेले संशोधक, मेंदू आणि कणा यांतील खंड तरी वीजच ओलांडते, या मतावर ठाम होते. १९५१ साली न्यूझीलंडमधील डनेडिन येथे मांजराच्या कण्यातील पेशीत सूक्ष्म नळी घालून त्यांनी स्वतःच मोजमाप घेतले, ते त्यांच्या सिद्धान्ताच्या नेमके उलट आले; आणि एकल्सनी आपले मत तेथल्या तेथे सोडून दिले. विद्वानांच्या जगात ही गोष्ट वाटते तितकी सामान्य नाही.

इकडे बेर्न्श्टाइनच्या पटलाची परीक्षा व्हावयाची राहिलीच होती. पटल मोजावयाचे तर तंतूच्या आत शिरावयास हवे, आणि माणसाचा तंतू केसाहूनही कितीतरी बारीक. ही अडचण एका समुद्रजीवाने दूर केली. कोकणच्या कोळ्यांना परिचित असलेल्या माकुलाच्या अंगात एक महाकाय तंतू असतो. युरोपच्या किनाऱ्यावरील जातीत तो अर्ध्या मिलिमीटरइतका जाड भरतो. त्याचे महत्त्व जे. झेड. यंग यांनी १९३६ साली दाखवून दिले. १९३९ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या प्लिमथ बंदरातील सागरी प्रयोगशाळेत ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सले हे केंब्रिजचे दोन तरुण, एक पंचवीस वर्षांचा, दुसरा एकवीस वर्षांचा, या तंतूच्या पोकळीत केसासारखी बारीक काचनळी सरकविण्यात यशस्वी झाले. बेर्न्श्टाइनच्या हिशेबाने निरोप जात असता आतबाहेरचा भेद शून्यावर यावयास हवा होता. तो शून्य ओलांडून पुढे गेला. आतली बाजू क्षणभर स्पष्टपणे धन झाली!

याचा अर्थ लावण्यास त्यांना सवड मिळाली नाही. ३ सप्टेंबरला युद्ध जाहीर झाले. स्पष्टीकरणावाचून एक छोटे टिपण छापून हॉजकिन विमानांच्या रडारकडे गेले, हक्सले तोफांच्या नेमबाजीच्या गणिताकडे. १९४१ साली प्लिमथवर बॉम्ब पडले, त्यांत ती प्रयोगशाळाही सापडली. उत्तर १९४७ साली आले. लाइपझिग सोडून इंग्लंडला आलेले बर्नार्ड कॅट्झ या वेळी हॉजकिनबरोबर होते. तंतूभोवतीच्या पाण्यातील सोडियम कमी केले की निरोपाची उंची घटते, हे त्यांनी दाखविले. पटल चाळणीसारखे फाटत नाही. ते निवड करते. आधी सोडियमची दारे उघडतात व धन कण आत लोटतात; मग ती मिटतात आणि पोटॅशियम बाहेर पडून पूर्वस्थिती आणते. पुढे हॉजकिन आणि हक्सले यांनी १९४९ च्या उन्हाळ्यातील मोजमापांवरून या दारांची समीकरणे मांडली. ती सोडविण्यास केंब्रिजचा संगणक हवा होता. पण तो नेमका दुरुस्तीसाठी बंद. मग हक्सले यांनी हाताने फिरवावयाच्या गणनयंत्रावर आठवडेच्या आठवडे आकडेमोड केली. कागदावर निरोपाचा वेग निघाला सेकंदाला १८.८ मीटर, माकुलाच्या तंतूत प्रत्यक्ष मोजलेला होता २१.२ मीटर. १९५२ साली पाच निबंधांत हे काम प्रसिद्ध झाले, आणि १९६३ साली त्यांना एकल्सबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

ही दारे तोवर कोणी पाहिली नव्हती. १९७६ साली जर्मनीत एर्विन नेहर आणि बेर्ट झाकमान यांनी एकाच दारातून जाणारा प्रवाह मोजला. १९९८ साली रॉडरिक मॅकिनन यांनी पोटॅशियमच्या दाराची रचना अणूअणूने दाखविली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या दारांचा संबंध दूरचा नाही. कोकणातील लाल विंचवाचे विष नेमके सोडियमची दारे मिटू देत नाही. मग तंतू निरोपामागून निरोप सोडीतच राहतात. रक्तदाब चढतो, घाम सुटतो, हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. विंचू उतरविणाऱ्या मांत्रिकाकडे नेलेली मुले सकाळपर्यंत दगावत, आणि दवाखान्यात आणलेलीही वाचतीलच असे नव्हते. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब आणि श्वास यांची नोंद ठेवली. विषाने तंतूंना लावलेला धोशा थांबविता येत नसला, तरी रक्तवाहिन्यांपाशी त्याची दाद लागू न देणे शक्य आहे, हे त्यांनी ओळखले. प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध नेमके तेच करते. १९८६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात हा अनुभव प्रसिद्ध झाला. विषबाधेची गंभीर लक्षणे दिसणाऱ्या शंभर रुग्णांत पूर्वी चाळीसपर्यंत मृत्यू होत. ते प्रमाण या उपचाराने एकाच्या आसपास आले. २०११ साली महाडमधीलच रुग्णांच्या तुलनेवरून असे दिसले की, प्राझोसिनच्या जोडीला विंचवाच्या विषावरील लस टोचली, तर रुग्ण आणखी लवकर हिंडूफिरू लागतो.