सांडलेल्या बटाट्याची गोष्ट

अमेरिकेच्या ज्युलिया चाइल्डबाईंनी दूरचित्रवाणीवर कोंबडी जमिनीवर पाडली आणि उचलून पुन्हा ताटात ठेवली, अशी दंतकथा आहे. ती खरी नव्हे. १९६३ साली बॉस्टनहून सुरू झालेल्या ‘द फ्रेंच शेफ’ या कार्यक्रमात, तव्यातला बटाट्याचा थर उलटताना थोडा शेगडीवर सांडला, इतकेच. बाईंनी तो गोळा केला; उलटताना आपले धैर्य कमी पडले हे कारण सांगितले आणि स्वयंपाकघरात तुम्ही एकट्याच, पाहणार कोण, असे मिश्किलपणे विचारले.

मोडलेले थालीपीठ गुपचूप सांधणाऱ्या आपल्या बायकांना यात नवल वाटणार नाही. बाईंनी ते सर्वांदेखत केले, हे मला मोलाचे वाटते. त्या विनोदात धीर होता आणि धडाही. दंतकथेत कोंबडी तेवढी उरली, धडा गळाला.