ना हरकत म्हणण्याआधी

आज आम्ही तुमच्याशी भांडणाविषयी बोलणार आहोत. आवाज कमी करू नका. आज कुणाचं भांडण सांगायचं नाही, भांडणातले शब्द सांगायचे आहेत. आणि त्यातही इंग्रजी शब्द, कारण चांदीपमध्ये शेती करणाऱ्या, विरारला कामाला जाणाऱ्या, शाळेची पायरी अर्ध्यावर सोडलेल्या आम्हा सगळ्यांच्या तोंडात ते आहेतच.

विरार लोकलचा बायकांचा डबा आठवा. १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेवर खास महिलांची लोकल सुरू झाली, पुढे ती विरारपर्यंत आली. त्या डब्यातलं भांडण सुरू कसं होतं? ‘एक्स्क्यूज मी.’ मग ‘हॅलो मॅडम.’ मग ‘माइंड युवर लँग्वेज.’ आणि बोरिवली मागे पडलं की इंग्रजी संपतं आणि जी ती आपापल्या आईच्या भाषेवर येते. म्हणजे इंग्रजी वापरलं जातं ते भांडण सभ्य आहे हे दाखवायला. मी तुझ्यापेक्षा शिकलेली आहे, हेही त्यात आलंच.

पण हे आजचं नाही. भांडणाचे शब्द आपण पूर्वीपासून दुसऱ्याच्या घरून आणत आलो आहोत. ‘तक्रार’ हा शब्द आपला वाटतो ना? तो मूळ अरबी, अर्थ पुन्हा पुन्हा सांगणं. ‘हरकत’ म्हणजे मुळात नुसती हालचाल. आपल्याकडे येऊन तिची अडचण झाली, मग आक्षेप झाला. हुज्जत, कज्जा, दावा, जबाब, फिर्याद हे सगळे फारसी राजवटीच्या दफ्तरातून आले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी ‘हरकत’ काही हलली नाही. ती बाईच्या तोंडी बसली होती.

आपल्या वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचं राज्य होतं. त्यांनी पाव आणि बटाटा दिला हे आपण कौतुकाने सांगतो. पण ‘लिलाव’ आणि ‘तुरुंग’ हे शब्दही त्यांच्याच भाषेतून आले. पुढे इंग्रज आले. १८६२ मध्ये मुंबईचं उच्च न्यायालय सुरू झालं. मामलतदाराच्या कचेरीत मोडी मराठी चालत होती, वर मात्र इंग्रजी. मग नोटीस, समन्स, वॉरंट, अपील हे शब्द गावात आले. यातून एक गोष्ट दिसते. निकाल ज्याच्या हातात असतो, भांडणाचे शब्द त्याच्या भाषेतले होतात.

आता एका बाईची गोष्ट सांगतो. नाव रखमाबाई. जन्म १८६४, मुंबईचा. अकराव्या वर्षी लग्न झालं, पण त्या माहेरीच राहिल्या आणि सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्या घरी शिकल्या. पुढे नवऱ्याने, दादाजी भिकाजींनी, बायको नांदायला यावी म्हणून दावा लावला. तो दावा ज्या कलमाखाली चालला त्याचं इंग्रजी नाव होतं ‘रेस्टिट्यूशन ऑफ कॉन्ज्युगल राइट्स’. मराठीत वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना. हे आपल्या धर्मशास्त्रातलं नव्हतं, इंग्लंडमधून आलेलं होतं. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी नेमकं हेच बोट ठेवून दावा फेटाळला. अपिलानंतर खटला पुन्हा उभा राहिला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई म्हणाल्या, कैद चालेल.

त्याच १८८५ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहावर आणि विधवांच्या हालांवर इंग्रजी पत्रं छापून आली. खाली सही होती, ‘अ हिंदू लेडी’. ती लिहिणाऱ्या रखमाबाईच होत्या. म्हणजे पाहा, ज्या भाषेतल्या कलमाने त्यांना पकडलं, त्याच भाषेत त्यांनी ‘मला मान्य नाही’ असं साऱ्या मुंबईला सांगितलं. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट इथे त्यांनी अनेक वर्षं बायकांवर उपचार केले.

पण इंग्रजी आलं म्हणूनच बाई बोलली, असं कुणी समजू नये. त्याच्याही तीन वर्षं आधी, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली, ती अस्सल मराठीत. तिची धार आजही गेलेली नाही. आणि आपल्याच बाजूचं उदाहरण घ्या. २३ मे १९४५ रोजी झरीच्या परिषदेत वारल्यांनी वेठ करायची नाही असं ठरवलं. गोदावरी परुळेकरांनी ते सगळं पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवलं. आपल्या तालुक्यातल्या उसगावातून श्रमजीवी संघटनेने १९८२ नंतर बंधबिगारांच्या सुटकेसाठी लढे दिले. तिथे ज्या आदिवासी बायका मालकासमोर उभ्या राहिल्या, त्यांच्याजवळ कुठलं इंग्रजी होतं? ‘नाही’ एवढा शब्द पुरला.

मग आमच्या मुलींना तो शब्द इंग्रजीत का म्हणावासा वाटतो? हा प्रश्न आम्ही बचतगटाच्या बैठकीत घेतला होता. एक मुलगी म्हणाली, ‘बाबांना नाही म्हटलं की उलट उत्तर होतं. आय डोन्ट थिंक सो म्हटलं की ते हसतात आणि ऐकून घेतात.’ आम्ही गप्प झालो. खरंच होतं ते. मराठीत वाद घालणाऱ्या बाईला किती नावं आहेत मोजा: तोंडाळ, भांडकुदळ, कजाग, आगाऊ. तोच वाद पुरुषाने घातला की तो बाणेदार. इंग्रजी वाक्याला अजून ही शिवी चिकटलेली नाही, म्हणून मुली त्याच्या आडोशाला जातात. २०१६ च्या ‘पिंक’ चित्रपटानंतर ‘नो मीन्स नो’ घरोघर पोचलं. ‘नाही म्हणजे नाही’ आपल्याकडे होतंच. पण आपण ते हट्टी पोराला म्हणायचो, पोरीला कुणाला म्हणू दिलं नव्हतं.

हा झाला आडोसा. आता दुसरी बाजू. हीच भाषा बाईचं तोंड बंद करायलाही वापरतात. सभेत आपण प्रश्न विचारला की, ‘मॅडम, लॉजिकली बोला’, ‘बी प्रॅक्टिकल’, ‘इट इज नॉट पॉसिबल’. आपण अर्थ लावेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. गावं तिच्यात असावीत की नसावीत यावरून तालुका पेटला. २०११ मध्ये शासनाने २९ गावं वगळण्याची अधिसूचना काढली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. त्या काळात पारावर ‘स्टे’, ‘हिअरिंग’, ‘नेक्स्ट डेट’ हेच शब्द. बायका मोर्चात पुढे होत्या, पण ‘स्टे’ म्हणजे नक्की काय थांबलं, हे विचारायला संकोचत होत्या. खालच्या न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेने मराठी झाली आहे. उच्च न्यायालयात मात्र घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणे इंग्रजीच चालतं. म्हणून अर्थ विचारण्यात कमीपणा मानायचा नाही.

आता ज्या गोष्टीसाठी आजचं हे बोलणं केलं, ती सांगतो. आमच्यातल्या एकीला माहेरून बोलावणं आलं. चहा झाला, पोहे झाले, आणि एक कागद पुढे आला. ‘ताई, फक्त एनओसी आहे. जस्ट फॉर्मॅलिटी.’ आपल्या भागात जमिनीचे भाव कुठे गेले आहेत ते तुम्ही जाणता. तिने चष्मा मागितला. भाऊ म्हणाला, ‘डोन्ट वरी ताई, ट्रस्ट मी.’ ती म्हणाली, ‘विश्वास आहे रे, पण वाचून सही करते.’ वर मोठ्या अक्षरात ना हरकत लिहिलं होतं, आत मजकूर हक्कसोडीचा होता. तिने कागद घडी करून भावाच्या हातात परत दिला. दोन वर्षं राखीला जाणं नव्हतं. यंदा भाऊ स्वतः आला. जमिनीचं अजून मिटलेलं नाही, पण बोलणं सुरू आहे.

मैत्रिणींनो, ‘एनओसी’ या तीन अक्षरांत ‘ऑब्जेक्शन’ हा शब्द लपलेला आहे. माझी हरकत नाही, असं त्याचा अर्थ. म्हणजे हरकत घेण्याचा हक्क तुम्हाला आहे, म्हणून तर सही मागतात! महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते, यावर तो अवलंबून नाही. सातबाऱ्यावर फेरफार धरला की हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस निघते आणि हरकत द्यायला पंधरा दिवस असतात. लेखी हरकत आली की ती वादाच्या नोंदवहीत जाते आणि सुनावणी घ्यावी लागते. हक्क सोडायचाच असेल तर खुशाल सोडा, बहिणी प्रेमाने सोडतातही. पण काय सोडतो आहोत ते वाचून सोडा.

आम्ही इंग्रजीच्या विरोधात नाही. रखमाबाईंनी ते शिकून वापरलं, आमच्या मुलींनीही वापरावं. पण समोरच्याने इंग्रजी झाडलं म्हणून आपली हरकत गिळू नये. विधानसभेत ‘पॉइंट ऑफ ऑर्डर’ला ‘हरकतीचा मुद्दा’ म्हणतात. तिथे तो शब्द चालतो, तर आपल्या सभेत का चालू नये? पुढच्या बैठकीला चार वाक्यं पाठ करून या. मला हे मान्य नाही. मराठीत समजावून सांगा. लेखी द्या. माझी हरकत इतिवृत्तात लिहा.

यातलं पहिलं वाक्य सगळ्यांत अवघड आहे. आज रात्री घरातच म्हणून बघा, अगदी साध्या गोष्टीवर. सवय झाली की ते सभेतही जमतं.