बरणीतली वाईन आणि १९४९ चा कायदा

नाताळ जवळ आला की अंधेरीच्या मरोळ-आंबोलीपासून बोरिवलीच्या गोराईपर्यंत ईस्ट इंडियन घरांत वाईनच्या बरण्या उघडतात. ही मंडळी बाहेरून आलेली नाहीत बरं का. साष्टीचीच मूळ माणसं, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेली, घरची बोली मराठीच. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राजवटीला पन्नास वर्षं झाली, तेव्हा 'ईस्ट इंडियन' हे नाव घेऊन त्यांनी आपली संघटना काढली.

वाईनची कृती साधी. काळी द्राक्षं किंवा मोसमात जांभळं कुस्करायची. साखर, उकळून गार केलेलं पाणी, यीस्ट आणि मूठभर गहू घालून बरणीत भरायची. रोज लाकडी चमच्याने ढवळायचं, साधारण २१ दिवसांनी गाळायचं. तीच फळं साखर घालून चुलीवर आटवली की जॅम होतो. जॅमला कुणी विचारत नाही. यीस्ट घालून तीन आठवडे थांबलात की मात्र गुन्हा!

कारण १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा. तेव्हा गृहखातं मोरारजी देसाईंकडे होतं. या कायद्याने विनापरवाना दारू बनवण्यावर बंदी घातली. चर्चमधल्या विधीच्या वाईनला परवानगीची सोय ठेवली, घरच्या बरणीला नाही. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने काही कलमं रद्द केली, पण कायदा टिकला. पुढे वसंतराव नाईकांच्या काळात बंदी सैल झाली, परमिट आले. कायदा आजही आहे, फक्त नावात 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' आलं.

मधल्या काळात सरकारचं वाईनबद्दलचं मत बदललं. २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, नाशिकला वायनरी उभ्या राहिल्या. जानेवारी २०२२ मध्ये तर सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला होता. म्हणजे कारखान्याची वाईन शेतकऱ्याच्या हिताची, आणि आजीच्या बरणीतली बेकायदा?

कुणी म्हणेल, विषारी दारूचं काय? प्रश्न रास्त आहे. २००४ चं विक्रोळी आणि २०१५ चं मालवणी आपल्या उपनगरांनीच भोगलंय. मालवणीत शंभरावर माणसं गेली. पण ती माणसं मिथेनॉल मिसळलेल्या दारूने गेली. ते औद्योगिक रसायन, काळ्या धंद्यातून आलेलं. स्वच्छ बरणीत आंबवलेल्या द्राक्षांचा त्याच्याशी काय संबंध? आणि त्या धंद्याला हा कायदा थांबवू शकला का?

अमेरिकेत घरच्या वापरासाठी, विक्री न करता, ठरावीक मर्यादेत वाईन बनवायला मुभा आहे. आपल्याकडेही तसं करता येईल: इतके लिटर, फक्त घरासाठी, विकलीत तर कारवाई.

दारू वाढावी असं इथे कुणी म्हणत नाही. पण नाताळात पाहुण्यासमोर चार घोट ठेवणाऱ्या म्हातारीला कायद्याने हातभट्टीवाल्याच्या रांगेत उभं करू नये. गावठाणांत मतं मागायला येणाऱ्यांना यंदा हे विचारा. तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.