पोट भरलं, मग झालं?

गेल्या दिवाळीत कळमनुरीला गेलो, तेव्हा आजीला जमिनीवरून उठताना दोन्ही हात टेकावे लागत होते. वय ७८, वजन ४५ किलो. मी सॉफ्टवेअरवाला, काळजी वाटली की आधी एक्सेल उघडतो. दिवसाला ज्वारीच्या दोन भाकरी, म्हणजे साधारण १२ ग्रॅम प्रथिनं. तुरीचं पातळ वरण, चारेक ग्रॅम. चहातलं दूध धरून एकूण जेमतेम १८. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतात. म्हणजे तिला ३७.

आजीला आकडे सांगितले. ती म्हणाली, "पोट भरलं की झालं, बाळा."

हीच गोष्ट एका मराठी माणसाने पन्नासेक वर्षांपूर्वी जगाला आकडेवारीनिशी सांगितली होती. पां. वा. सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. १९५१ पासून जवळपास वीस वर्षं ते रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचं काम बघत होते. तेव्हा गरीब देशांत प्रथिनांचा मोठा तुटवडा आहे अशी हाकाटी होती. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा त्यावर अहवालही आला. सुखात्म्यांनी भारतीय आहाराचे आकडे तपासले. त्यांचं म्हणणं असं: धान्य-डाळ पोटभर मिळते त्याला प्रथिनं बहुतेक पुरतात. उपाशी माणसाचं शरीर प्रथिनंही इंधन म्हणून जाळतं, म्हणून आधी पोटभर अन्न द्या. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी 'लॅन्सेट'मध्ये या सगळ्या प्रथिन-मोहिमेला फजिती म्हटलं.

आजीचं वाक्य आलं ते १९७२ च्या दुष्काळातून. तेव्हा ती पंचविशीत होती. लाल मिलोच्या भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी तिला अजून आठवते. तेव्हा प्रश्न पोटाचाच होता.

बरं, आपल्याकडचं पोटभर जेवण साधं नव्हतं. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते तुरीत भरपूर. तुरीत मेथिओनिन कमी, ती उणीव ज्वारी भरून काढते. शेतात ज्वारीमध्ये तुरीच्या ओळी असत, ताटात भाकरीशेजारी वरण.

पण सुखात्म्यांच्या हिशेबात एक अट आहे: पोटभर. म्हातारपणी तीच मोडते. भूक मंदावते, दात साथ देत नाहीत. शिवाय तेवढ्याच प्रथिनांतून म्हातारे स्नायू तरुणांइतके बांधले जात नाहीत. म्हणून २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने ज्येष्ठांसाठी किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवले. आजीसाठी ४५ ते ५४. घास कमी आणि गरज जास्त, त्यामुळे प्रत्येक घासात काय आहे याला महत्त्व येतं.

आणि नेमकी इथेच आमच्या शेताने दिशा बदललीय. खरिपात आता सगळीकडे सोयाबीन. शंभर ग्रॅममध्ये ३६ ते ४० ग्रॅम प्रथिनं, लायसिनही चांगलं. पण ते जातं मोंढ्यात. तिथून तेल निघतं आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. घरची तूर कमी झाली, डाळ विकत आली आणि वरण पातळ झालं. घरात सोयाबीनची पोती रचलेली आणि आजीच्या ताटात १८ ग्रॅम!

डॉक्टरांकडून आधी आजीची किडनी तपासून घेतली, कारण ती कमजोर असेल तर प्रथिनं वाढवणं घातक ठरू शकतं. मग काकूने सोयाबीन भिजवून, उकडून, वाळवून ज्वारीत दळलं: नऊ किलोला एक किलो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, म्हणून उकडणं टाळायचं नाही. वरण घट्ट केलं, दोन्ही जेवणांत वाटीभर. दुपारी ताक, संध्याकाळी फुटाण्याचं पीठ. आणि रोज खुर्चीवरून दहा वेळा ऊठ-बस, कारण नुसतं खाऊन स्नायू बनत नाहीत.

अजून हिशेब ४५ ला पोचलेला नाही. उठताना आजी हात टेकतेच, पण आता एकच. परवा फोनवर म्हणाली, "तुझी भाकर जरा कडक होती रे. पण चालंल."